खुराड्याला केलेलं दार

८ जानेवारी, मंगळवार
माझं आयुष्य आज सकाळी मक्याच्या गिरणीत बदललं. रांगेत पुढे लुसेरो. वर्षभरात एक शब्द नाही, आणि आज वळून म्हणाली, तू जनावरांचंच शिकत होतास ना? आमच्या टर्क्यांची पिल्लं कोणीतरी मारतंय, नुसती मुंडकी तोडून टाकतंय.
शिकत होतास म्हणाली. म्हणजे मी कॉलेज सोडल्याचं तिला माहीत आहे. म्हणजे चौकशी करते. दुसऱ्या वर्षात सोडलं ते हिच्यासाठीच, हे अजून कळलेलं नाही. कळेल.
मी जागच्या जागी निदान केलं: त्लाक्वाचे. गिरणीवाला म्हणाला, ते आमच्या गाढवाएवढी अक्कल असलेल्यालाही कळतं, पुढे सरक.
अडाणी लोक.

९ जानेवारी
लुसेरोच्या घरी इन्स्पेक्शन. तिची आई दोन्या फेलिपा सोबत होती. त्लाक्वाचे म्हणजे मांजराएवढं जनावर, तोंड उंदराचं, शेपटी नागडी. पण नुकसान केवढं. अंडी फोडलेली, कणसांच्या ढिगात लेंड्या, माळ्यावरून मुताचा असा वास की डोळे चुरचुरतात.
खुराड्यात दहा मोठ्या टर्क्या आहेत. नव्या. दोघी मायलेकींना दहा टर्क्या कशाला? एवढं कालवण लग्नाशिवाय कुठे शिजतं? आणि लग्नाच्या वयाचा कोण मुलगा याच आठवड्यात गावात परतलाय?
आईला सांगितलं. ती तव्यावरून मान वर न करता म्हणाली, टर्क्या मुलाकडून मुलीकडे जातात. आपण कधी पाठवल्या रे? आपल्याकडे कोंबडीचं पीससुद्धा नाही.
आई जुन्या वळणाची. दोन्या फेलिपा समजूतदार बाई आहे. आमची परिस्थिती ओळखून स्वतःच पाळतेय. आमची लाज राखायला.

१३ जानेवारी
खुराड्याला नवं दार केलं. जाड फळ्या, खाली पत्रा, लोखंडी कडी. दोन्या फेलिपाने दोनदा हलवून बघितलं आणि म्हणाली, पोरा, आता यातून पापसुद्धा आत जायचं नाही.
पोरा म्हणाली. जावयाला दुसरं काय म्हणतात?
एवेरार्दो तिथेच बसून तामाल खात होता. बँडमध्ये ट्यूबा वाजवतो, गाल बेडकासारखे. टर्क्या बघायला आलो म्हणाला. एकेक उचलून वजनाचा अंदाज घेत होता. लोकांना दुसऱ्याच्या जनावरांत एवढा काय रस असतो कोण जाणे.

१८ जानेवारी
काम फत्ते. संध्याकाळी कुंपणावर त्लाक्वाचे गाठला, एकच काठी. जीभ बाहेर, दात विचकलेले, घाण सुटलेली. शेपटीला धरून लुसेरोच्या पायाशी नेऊन ठेवला. घसा साफ केला. या घरावर संकट आलं तर पहिला वार मी, इथवर बोललो, तेवढ्यात तो उठला, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या बुटावरून चालत माळ्यावर गेला.
मेल्याचं सोंग घेतात ते. हे बहुतेक तिसऱ्या वर्षाला असावं. एवेरार्दो म्हणाला, इथे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, साहेब.
लुसेरो हसता हसता खाली बसली. एवेरार्दोने हात देऊन उठवली. मुलगी इतकी मोकळी फक्त आपल्या माणसासमोर हसते.
घरी येऊन बादलीला लाथ मारली. बादली फुटली. पायही.

२४ जानेवारी
आता दयामाया नाही. सायंटिफिक मेथड. अंड्यात उंदराचं औषध भरून माळ्याखाली ठेवलं.

२५ जानेवारी
कानेलो गेला. लुसेरोचा कुत्रा. बाप गेल्यापासून तिच्याच खाटेखाली झोपायचा. दुपारपर्यंत तडफडला. मी म्हणालो, त्लाक्वाचे चावला असणार, त्यांना रोग असतात. पटलं सगळ्यांना.
खड्डा मीच खणला. ती एवेरार्दोच्या खांद्यावर रडली, कारण माझ्या हातात फावडं होतं.
कुत्रा म्हातारा होता. तसाही.

३ फेब्रुवारी, रविवार
चर्चमध्ये पाद्रींनी येत्या शनिवारनंतरच्या शनिवारचं लग्न जाहीर केलं. लुसेरो आणि एवेरार्दो. कोणाची हरकत असेल तर बोला म्हणाले.
मी उभा राहिलो. सगळं चर्च वळलं. आईने शर्ट ओढला. पाद्री म्हणाले, बोल बाळा.
मी म्हणालो, त्लाक्वाचे अजून सापडलेला नाही.
चर्चमध्ये एवढं हसायचं नसतं. दोन्या फेलिपा पुढच्या बाकावरून म्हणाली, ते तुझ्याचकडे सोपवलंय, तेवढं बघ.
वाटेत आई म्हणाली, नाताळात बँड लावून आल्या त्या टर्क्या त्याच्या घरून. सांगत होते, तेव्हा कान कुठे होते तुझे?

१५ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ
लग्न उद्या. सगळे चर्च सजवायला गेलेत. आणि नेमका आजच मी लावलेल्या पिंजऱ्यात त्लाक्वाचे सापडला. याला म्हणतात दैव.
प्लॅन: गोणीतून नेऊन खुराड्यात सोडायचा. दहाच्या दहा मुंडकी. लग्नात टर्की खांद्यावर घेऊन नाचायची रीत आहे ना, उद्या नवरदेवाने बिनमुंडक्याची घेऊन नाचावं.

दुपार
आत गेलो. गोणी उपडी केली. तो पडला, जीभ बाहेर. या वेळी फसलो नाही. ऊठ म्हणालो. बुटाने ढोसलं. समोर मेजवानी, आणि हा मेलेला. टर्क्या कोपऱ्यात दाटून माझ्याकडे बघत होत्या.
उचलून त्यांच्या जवळ नेला, तर अंगठ्याला कडकडून चावला आणि उघड्या दारातून निघून गेला. जाताना पोटाच्या पिशवीतून दोन-तीन इवली नाकं डोकावली. म्हणजे तो नव्हे, ती. महिनाभर मागे लागून एवढंही कळलं नव्हतं.
ती लांब गेली नाही. कुंपणावर बसली. मी कधी जातो याची वाट बघत.
दार नुसतं उघडं टाकलं असतं तरी भागलं असतं. हे आत्ता सुचतंय, अंगठ्याला फडकं गुंडाळून लिहिताना. तेव्हा मी बाहेर आलो, दार ओढलं, कडी घातली, आणि सवयीने दोनदा हलवून बघितलं.