पाय मोडणारी पाहुणी

प्रिय अंबिका,

फोन करायचा तर वरच्या टेकडीवर जावं लागतं, आणि तिथे निम्मं गाव कान देऊन बसलेलं असतं. म्हणून लिहितो आहे. आपली म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या आईने चीक गावभर वाटला, मला वाटीभर दिला. संत्री यंदा इतकी लागली आहेत की फांद्यांना टेकू द्यावे लागले.

परवा दुपारी अंगणात एक बाई येऊन उभी राहिली. तिशीच्या आसपासची, चढाने दमलेली. आईने विचारलं, "कोणाची गं तू?" ती म्हणाली, "नदीपलीकडची धनकला. आमा, बांचा पाय मोडला तेव्हा काठी माझ्या हातात होती."

तू तेव्हा मामाकडे शिकत होतीस, तुला सगळं कधी सांगितलं नाही. काठमांडूत आपल्या पक्षाचं सरकार होतं, पण इथे पक्ष म्हणजे मी आणि होमनाथ. जंगलातल्या माओवाद्यांनी निरोप धाडला, पक्षाचे राजीनामे द्या. खालच्या गावच्यांनी पेपरात छापूनसुद्धा दिले. होमनाथ म्हणाला, "पक्षाने मला खुर्ची दिलीच कधी, की मी ती सोडू?" त्याला पाणवठ्यावर गोळी घातली. त्यानंतर राजीनामा द्यायची मला लाज वाटली. मग ते तोंडं बांधून आपल्या घरी आले.

खरं सांगू, परवा तिला बघून मला राग यायच्या आधी नवलच वाटलं. ही एवढीशी? आई मात्र ताडकन उठून आत गेली. मला वाटलं, कोयता आणते. तिने आणलं ताट, ढिंडो आणि गुंद्रुकाचा रस्सा. म्हणाली, "आधी जेव. उपाशीपोटी शिव्या लागू पडत नाहीत." मग ती जेवत होती आणि आई देत होती. अशा अस्सल शिव्या माझ्या वाट्याला अख्ख्या संसारात आल्या नाहीत. शेजारची काकी कुंपणाशी येऊन दाद देत होती. धनकला मान खाली घालून जेवली, आणि दुसऱ्यांदा वाढलेलंही नको म्हणाली नाही.

हात धुऊन झाल्यावर आईने मोहरीचं तेल गरम करून तिच्यापुढे ठेवलं. "इतकी वर्षं थंडी पडली की मी चोळते. आज तू चोळ." मी पाय आखडून घेतला. म्हटलं, अगं, चेलीबेटीच्या, लेकीबाळीच्या, पाया आपण पडायचं; तिच्याकडून पाय शिवून घेतात का? आई म्हणाली, "मोडताना चेलीबेटी नव्हती का?" मी पाय पुढे केला. धनकला चोळायला लागली आणि मला गुदगुल्या व्हायला लागल्या. मी हसलो, आई हसली, मग ती रडली. रडता रडता तीही हसली.

होमनाथच्या बायकोकडे जाऊ का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ते दार उघडणं माझ्या हातात नाही.

उठताना तिने खरं काम सांगितलं. तिचा भाऊ लोकेंद्र तुझ्याच इस्पितळात रक्त तपासतो. फाल्गुनात त्याने तुला लग्नाचं विचारलं, तू कारण न देता नाही म्हणालीस. "कारण मी आहे," ती म्हणाली. "विचारायच्या आधीच त्याने तिला माझं सगळं सांगितलं होतं." नानी, पोरी माझी, दशैंला घरी येऊन तू एवढी हसवून गेलीस, आणि पोटात हे ठेवून होतीस? माझा पाय माझ्या हट्टापायी गेला, आणि मला त्याचा पस्तावा नाही. त्याच्यापायी तू काही सोडायचं नाहीस. तो आवडत नसेल तर विषय संपला. आवडत असेल तर हे वाचून होताच त्याला गाठ आणि हो म्हण. तुझी आई लग्नाच्या सेलरोटीचे तांदूळ निवडायला बसली आहे. मी म्हटलं, अगं, पोरगी अजून हो कुठे म्हणाली? तर म्हणते, "मग लिहिणारा हात जरा भरभर चालवा."

तुझाच,
बा