पदरावरचा बिल्ला

मामंजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग अजून शिळा झालेला नाही. आज सकाळी भाकरी थापताना तुमचा आवाज आठवला, "काढ तो बिल्ला," आणि हात परातीवर असा आपटला की शेजारीण डोकावून गेली. तिला काय सांगणार? सासऱ्याशी भांडतेय म्हणून?

तुम्ही कळंबच्या तहशिलीबाहेर सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहायचात. निजामाचं राज्य, कागद सगळा उर्दूत, आणि आपल्या गावात उर्दू वाचणारे तुम्ही एकटे. कुणाला नोटीस आली की माणूस आधी तुमच्या पायाशी यायचा. तुम्ही वाचाल तेच कागदात लिहिलंय, असा गावाचा विश्वास होता. माझाही होता.

तुमचा मुलगा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुमच्याशी भांडून मुंबईला गेला आणि बोटीवर लागला, भट्टीत कोळसा ढकलायच्या कामाला. लढाईचे दिवस होते. परत आला तो एकदाच, आठ दिवसांसाठी. त्याच्या कोटाला एक बिल्ला होता. वर मुकुट, भोवती दोरखंडाचा वेढा, मधे इंग्रजी अक्षरं. मी चूल फुंकतेय, डोळ्यांत धूर गेलाय, आणि तो वाकून बिल्ला माझ्या पदराला टोचतोय. "बोटीवरच्या माणसाची खूण हाय ही. ही बघून अनोळखी माणूसबी थांबून बोलतो. मला मुंबईत एकानं नुस्त्या बिल्ल्यावर चहा पाजला. तू लावत जा. कुणीतरी माझी खबर सांगल." तो गेला त्याच दुपारी तुम्ही गरजलात, "बाईच्या पदराला सायबाचा बिल्ला? लोक शेण घालतील तोंडात. काढ तो!" मी काढला. आणि घराबाहेर पडले की पुन्हा लावायला लागले.

माणसं खरंच थांबायची. येडशीच्या स्टेशनावर रजेवर आलेल्या एका शिपायानं उठून मला बाकावर जागा दिली. "ताई, ही बोटीवरची माणसं रसद आणत्यात म्हणून लढाईत आमच्या पोटात अन्न पडतंय," म्हणाला. बार्शीच्या वाटेवर करोडगिरी नाक्यावरचा कारकून बिल्ला चांदीचा समजून जकात मागायला लागला आणि खात्री करायला दाताखाली धरणार, तेवढ्यात मी म्हटलं, "चावा, पर दात पडला तर त्याची जकात कुणी भरायची?" सगळा नाका हसला. मग त्यानंच नवऱ्याची चौकशी केली आणि "अल्ला सलामत रखे" म्हणून वाट दिली. परकी माणसं त्याच्यासाठी दुवा मागत होती, मामंजी. आणि तुम्ही काय करत होतात?

चार पत्रं आली, तीही उर्दूतच. तुम्ही चष्मा लावून उंबऱ्याशी बसायचात, मी दाराआड उभी. सासूबाईंची एक बाजू गेलेली, त्यांना उठवणं, बसवणं, धुणं सगळं माझ्याकडं. पहिली तिन्ही पत्रं तुम्ही सारखीच वाचलीत: खुशाल आहे, आईची सेवा कर, इकडं यायचं मनात आणू नको. चौथ्याला मधेच थांबलात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "त्यानं तिकडं दुसरं घर केलंय. आता आशा सोड." मी दोन वर्षं जात्यावर बसून त्याच्या नावानं बोटं मोडली. त्या बाईला तळतळाट दिले. बिल्ला मात्र फेकला नाही. रागानं लावत राहिले, कुणीतरी भेटेल आणि ती सटवी कोण ते सांगेल म्हणून.

भेटला. येरमाळ्याच्या जत्रेत रिवाजाप्रमाणे देवीला वाहायचे चुनखडीचे खडे वेचून येताना भज्यांच्या पालापाशी टेकले होते. भजी तळणारा माणूस झारा तेलात तसाच धरून माझ्या पदराकडं बघत राहिला. "भाभी, ह्यो बिल्ला कुणाचा?" मी गाव सांगितलं, घर सांगितलं. त्यानं झारा खाली ठेवला. तो लोहाऱ्याचा, त्याच बोटीवर भंडारी होता, म्हणजे स्वैपाकी. "तुमच्या घरवाल्याची खतं म्याच लिवायचो. त्यानं सांगायचं, म्या उर्दूत उतरवायचं. तुमी आल्या का न्हाय, भाभी? चार खतं धाडली. खोली घेतलीय, ये. आईलाबी आण, हितं मोठा दवाखाना हाय. बोट बंदराला लागली की ह्यो टेसनावर जाऊन उभा ऱ्हायचा."

"अन् दुसरं घर?" मी विचारलं.

"तोबा तोबा! कुणी सांगितलं?" तो म्हणाला. मग मान खाली घालून, "फुडल्या फेरीला मला ताप भरला, म्या उतरलो. बोट गेली ती दुश्मनानं बुडवली. समदे गेले, भाभी."

तो रडला. मी रडले नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आईलाही आण, असं त्यानं लिहिलं होतं. आम्ही दोघी गेलो असतो तर तुम्ही या घरात एकटे उरला असतात. एवढ्यासाठी, मामंजी? एवढ्यासाठी मी त्याला शिव्या घातल्या, आणि तो स्टेशनावर उभा होता?

वाटभर ठरवत आले, की चावडीसमोर उभी राहून तुमची अब्रू काढायची. दारात तुम्ही बसलेले. सासूबाई वर्षापूर्वी गेल्या होत्या, पत्र येणंही केव्हाच थांबलं होतं, आणि तुमच्या जिवाला घोर लागलेला. "टपाल आलं का गं?" तुम्ही विचारलंत. तेव्हा मला उमजलं, की बोट बुडाल्याचं तुम्हाला काहीच माहीत नाही.

"टपाल न्हाय," मी म्हणाले, "पर बिल्ला बघून बोटीवरला माणूस बोलला."

तुम्ही ताडकन उठलात. "काय म्हणला?"

"दुसरं घर केलंय त्यांनी. लई सुखात हाईत. तुमचं नाव काढलं की तोंड फिरवत्यात म्हणं."

"पर ते तर..." तुम्ही म्हणालात आणि थांबलात. ते तर मीच रचलं होतं, असं कोणत्या तोंडानं म्हणणार? तुमचा तो चेहरा मी पोटभर पाहून घेतला. कुंकूही तसंच ठेवलं, तुम्हाला संशय येऊ नये म्हणून.

सहा वर्षं मी तेच केलं. रझाकारांची धामधूम झाली, निजाम गेला, उर्दू गेली, तुमची सतरंजी गुंडाळून खुंटीला लागली. बिल्ला ओळखणारी माणसं भेटेनाशी झाली, तरी माझ्या बातम्या थांबल्या नाहीत. काढ म्हणणारे तुम्ही, आता स्वतः तो चिंचेनं घासून द्यायला लागलात. "आज बाजारला जातीस न्हवं? दिसंल असा लाव." मी येऊन सांगायची: मुलगा झाला, बारशाला सगळी मुंबई जेवली. दुसरा झाला, त्याला आजा नाही म्हणून सांगितलंय. तुम्ही अर्ध्या भाकरीवरून उठायचात. माझी भाकरी मला गोड लागायची.

मग तुम्ही अंथरूण धरलंत. तोंडात पाणी घालायला मीच. तुम्ही माझ्या पदराचं टोक धरलंत. "पोरी, ती खतं म्या खोटी वाचली. तो तुलाच बोलवत हुता. आता जा मुंबईला. सवत असली तर असू दे, तुझा हक्क हाय. त्याला म्हणावं, बापानं माफी मागितलीय."

तो बुडालाय, एवढंच म्हणायचं होतं. ओठावर आलं होतं. सहा वर्षं मी त्याच घटकेची वाट पाहत होते. आणि मी म्हणाले, "जाते." तुम्ही डोळे मिटलेत ते उघडलेच नाहीत.

त्याच दुपारी मी कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. बाया धावल्या, "खुळी का काय गं? सासरा मेल्यावर कुणी बांगड्या फोडतं व्हय?"

पुढं मोठ्या बायांच्या वर्गात बसून अक्षरं शिकले. हे मीच लिहिलं, मीच वाचणार, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नाही. तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. "जाते" म्हणाले ते दयेनं म्हणाले असं तुम्हाला वाटलं असेल, तर ते मनातून काढून टाका. पण एक सांगते. बाजारातून येताना वाटभर मी त्याच्या पोरांची नावं ठरवायची, त्यानं कोणता सदरा घातलाय ते ठरवायची, आणि घरात पाऊल टाकलं की तुम्ही विचारायचात, "कसा हाय?" त्याच्याबद्दल तसं विचारणारं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. तुम्ही गेल्यावर पहिल्याच बाजारच्या दिवशी मी सवयीनं नवी बातमी जुळवत घरापर्यंत आले, आणि दारात कुणी नव्हतं.