गणवेशाची उजवी बाही

तीर्थरूप ताईस,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला आता अंग उरलेलं नाही, तेव्हा भावना पोचली असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना कठडा धरतेस ना? माझं म्हणशील तर मी गेल्यापासून पाठदुखी पार गेली, सुईत दोरा ओवायला चष्मा लागत नाही, फक्त गारठा तेवढा फार. तुझ्याआधी जाण्याचा आगाऊपणा केला म्हणून तू अजून रागावलेली आहेस हे मला माहीत आहे. परवा माझ्या फोटोकडे पाठ करून चहा प्यायलीस, तेव्हा मी तुझ्या मागेच उभी होते. तू मान चोळलीस आणि खिडकी लावायला उठलीस. खिडकी लागलेलीच होती गं. मीच होते.

आता मुद्द्याचं सांगते, नाहीतर तू म्हणशील, मेली तरी हिचं पाल्हाळ सुटलं नाही. टिचकी आठवते? बाटल्या धुण्याच्या शेडमधल्या बाईची पोर. हिच्या शाळेचं सगळं मी अंगावर घेतलं तेव्हा तू म्हणाली होतीस, स्वतःचा फाटका पदर शिवायला सवड नाही आणि निघाली लोकांच्या पोरी शिकवायला! (पदर मी दुसऱ्याच दिवशी शिवला, तुझ्या नजरेस पडला नाही इतकंच.) आली तेव्हा पोर पुस्तक उलटं धरायची, आणि चित्रातल्या कुत्र्याला विचारायची, तू पाय वर करून का निजलास म्हणून. आता ऐक. त्या शेडमध्ये अर्धवट लेबलं चिकटलेल्या बाटल्यांचे ढीग येतात. कुठल्या बाटलीत सरबत होतं आणि कुठल्या बाटलीत अ‍ॅसिड, हे तिथल्या बायांना हात भाजल्यावरच कळायचं. टिचकीच्या आईची बोटं तू पाहिली नाहीस, पाहूही नकोस. हल्ली शाळेतून आली की ही पोर ढिगावर चढून लेबलं मोठ्यांदा वाचते आणि वाईट बाटल्या बाजूला काढते. थोराड बाया तिला मास्तरीणबाई म्हणतात आणि निमूट ऐकतात. हे सगळं डोळ्यांनी बघत होते, सुखात होते, आणि नेमकी मी मेले! शाळेने सांगितलंय, सुट्टीनंतर कोणी नवा पालक उभा राहिला तरच टिचकीचं नाव पटावर राहील. नाहीतर शेडमध्ये आईशेजारची जागा तिच्यासाठी झाडून ठेवलेली आहे.

साहजिकच मी आधी आपल्या बंधुराजांकडे गेले. माझ्या खोल्या, माझं शिलाई मशीन, सगळं त्याच्या पदरात आयतं पडलंय, म्हटलं ही पोरही पडू दे. पण सांगायचं कसं? आवाज निघत नाही, वस्तू हातात धरवत नाही. फक्त पायडल तेवढं चालतं, कारण जन्मभर मारलेलं पायडल पाय विसरत नाहीत. म्हणून तो दुपारचा जेवायला बसला की मी मशीन चालू करायची. त्याने आधी उंदीर समजून पिंजरा लावला. (पिंजऱ्यात त्याचाच अंगठा सापडला, मला हसू आवरेना, आणि खोलीतले सगळे दिवे एकदम गेले.) मग त्याने मशीनवाल्याला बोलावलं. तो बिचारा चाकावर हात ठेवून उभा राहिला, मशीन फर्स्टक्लास आहे, चालवणारं माणूसही चांगलं आहे, असं म्हणाला आणि अनवाणीच जिना उतरला. त्याच्या चपला अजून तिथेच आहेत. पुढे एकदा बंधुराजांनी आपला शर्ट मशीनवर टाकला, त्याच्या बाह्या एकावर एक थेट सुईखाली गेल्या, तर मी दोन्हींची तोंडं शिवून टाकली. त्यावर त्याने इस्त्रीवाल्याशी असं कडाक्याचं भांडण केलं की काही विचारू नकोस. शेवटी मी त्याच्या गळ्याचं माप घेतलं. नुसत्या बोटांनी, मागून, सावकाश. त्याचा घास तोंडातच राहिला. पांढराफटक पडला आणि म्हणाला, कोण आहे? ताई, मला इतका आनंद झाला! पण तो गेला डॉक्टरकडे, आणि आता भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळून बसतो. याला काय म्हणावं!

मग हताश होऊन टिचकीच्या वर्गात जाऊन बसू लागले. मागच्या बाकावर तिच्याशेजारची जागा रिकामीच असते. (आधी एक मुलगी बसायची, तिला फार थंडी वाजते म्हणून पुढे गेली.) आज शुद्धलेखनाचा तास चालला होता. तिचा गणवेश मीच शिवलेला. वाढत्या अंगाची पोर, म्हणून बाहीच्या टोकाला आत भरपूर कापड दुमडून ठेवलं होतं, म्हणजे हात लांबला की दुमड उसवून बाही खाली सोडता येते. दुमड टिकली आहे का बघावं म्हणून सवयीने चाचपायला गेले, आणि ताई, माझा हात आत गेला. बाहीच्या आत, तिच्या हाताशेजारी. पोर दचकली. वळून तिने रिकाम्या बाकाकडे पाहिलं, बरोबर माझ्या डोळ्यांत, आणि ओरडली मात्र नाही. मी 'ताई' लिहायला गेले आणि कागदावर 'ताई' उमटलं. मला रडू आलं गं. माझं अक्षर इतकं सुबक कधी होतं? हे तिचं अक्षर आहे, वळण बघ कसं आहे ते! बाई शुद्धलेखन घालताहेत आणि आम्ही दोघी मिळून हे पत्र लिहितोय.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद, बंधुराजांना काही नाही.

तुझीच (अजूनही),
धाकटी

ता. क. तू तिची पालक हो. एवढ्यासाठीच लिहिलं, बाकी सगळा फापटपसारा. बंधुराजांना विचारत बसू नकोस, त्याला मफलरमधून ऐकू येत नाही.

ता. क. तू जात्याच संशयी, म्हणशील की पोरीने थाप मारली. आईचा निळ्या ठिपक्यांचा पडदा आपण दोघींनी भांडून मधोमध कापला होता. तुझा अर्धा ट्रंकेच्या तळाशी आहे. माझ्या अर्ध्याचं काय झालं ते मी कोणालाच बोलले नाही. तुझा अर्धा घेऊन शाळेत जा, टिचकीची उजवी बाही उसव आणि आतल्या अस्तराच्या कडेला कड लावून बघ. तुझी कात्री जिथे घसरली होती तिथेसुद्धा जुळेल.

आजी, आता मी टिचकी लिहिते आहे. वरचं माझ्या हाताने लिहिलं, पण मी नाही. आधी भीती वाटली, हात एकदम गार पडतो. आता गार पडला की मी बाही थोडी सैल करते, म्हणजे शिवणवाल्या मावशींना अवघडायला होत नाही. शुद्धलेखनाच्या चुका झाल्या असतील तर त्या माझ्या. बाही मी उसवून बघितलेली नाही, मावशी म्हणाल्या, ते तुम्हीच करायचं.

मला एकच सांगायचं आहे. शेडमध्ये दिवसभर हात पाण्यात असतात, म्हणून तिथे बाह्यांचे कपडे घालू देत नाहीत. मग मावशींनी हात कुठे घालायचा?