चौऱ्याऐंशी गोळ्यांचा साठा

३ फेब्रुवारी, सोमवार

क्लिनिकात आज अडीच तास बसवून ठेवलं. बाक मोडका, पंखा बंद, आणि समोर भिंतीवर हसऱ्या बाईचं पोस्टर. तिला काय जातंय हसायला. अडीच तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या की एड्सच्या औषधांचा फंड बाहेरून यायचा तो आटतोय, पुढे गोळ्या येणार की नाही हे आता कायदे करणारे ठरवतील, पण घाबरू नका. एवढं सांगायला अडीच तास? दारावर चिकटवलं असतं तरी चाललं असतं.

तर ही वही आजपासून माझी. क्लिनिकची वही निराळी. नातीला सकाळी सात वाजता गोळी दिली की तिच्यात बरोबरची खूण करायची. ती डॉक्टरीणबाई तपासतात. ही कुणी तपासायची नाही. मी चौथी शिकले, माझ्यापुरतं पुरतं.

मी घाबरलेली नाही. चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींचे डझन बांधतेय. लाँड्रीचा एक नियम कुठे लिहिलेला नाही: दर काही गठ्ठ्यांमागे एक चादर गुपचूप कपाटामागे सारायची. वॉर्डात अकरा गेल्या म्हणून कुणी मरत नाही. मग मशीन बंद पडलं, चार चादरी फाटल्या, की मागच्या काढून डझन पुरा करायचा. साहेब म्हणतात, मावशींच्या हातून कधी कमी पडत नाही. पडणार कसं.

निश्चय: गोळ्यांचंही तसंच. सोमवार, बुधवार, शुक्रवारची गोळी बाजूला. त्या दिवशी पोरीला व्हिटॅमिनची पांढरी. दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी. आजची पहिली गोळी बटणांच्या डब्यात पडली.

१२ फेब्रुवारी

नात म्हणते, आजी, आजची गोळी तोंडात विरघळते, कालची नव्हती विरघळत. म्हटलं कंपनी बदलली. म्हणाली, एक दिवसाआड बदलते का कंपनी? चौदा वर्षांची आहे आणि वकिलासारखी बोलते. दप्तर भर म्हटलं.

४ मार्च

क्लिनिक. इथे दर महिन्याला जुनी बाटली परत न्यायची, आत उरलेल्या गोळ्या ते मोजतात. जास्त उरल्या तर पोरगं औषध चुकवतं असं धरतात. माझी बाटली ऐटीत टेबलावर ठेवली. नर्स आहे एक, माडासारखा उंच, मी त्याला लंबू म्हणते. त्याने ताटलीत गोळ्या ओतल्या, सुरीने दोन दोन सरकवत मोजल्या. अगदी बरोबर. एकही जास्त नाही. बरोबरच असणार. बाटलीतून रोज एक निघतेच की. कुठे जाते हे बाटलीला कोण विचारतंय.

लंबू म्हणाला, आजी, तुमच्यासारखं या क्लिनिकात कुणी नाही. मी म्हटलं, माहीत आहे.

२० एप्रिल

पोरीच्या तोंडात फोड आलेत. परीक्षा आहे. परीक्षेने होतं.

११ मे

वजन दोन किलो कमी. लंबूचा काटा जुना आहे. शिवाय वाढीचं वय, उंचीत जातं सगळं.

डब्यात बेचाळीस झाल्या. रविवारी मोजायला बरं वाटतं. बाकी फारसं काही वाटत नाही हल्ली. चांगलंच आहे, कामं भराभर होतात.

१७ जून

मोठी बातमी. डॉक्टरांचं आणि नर्सांचं एक शिष्टमंडळ कायदे करणाऱ्यांच्या कमिटीपुढे जाणार. फंड आता सरकारी तिजोरीतून द्या, इथल्यांसाठीही आणि बाहेरच्या गरीब देशांसाठीही, रोगाला सरहद्द कळत नाही, असं सांगायला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आकडे आम्ही सांगू, पण एक घरचं माणूस हवं, ज्याने औषध एक दिवस चुकवू दिलं नाही असं. क्लिनिकातल्या सगळ्या वह्या चाळल्या म्हणे. माझीच स्वच्छ निघाली.

म्हणजे शेवटी गाडं माझ्यावाचून अडलंच. सोळा डॉक्टर-नर्स आणि एक मी. सोळाजणांनी आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण बोलायची वेळ आली तेव्हा चौथीवालीला बोलावलं.

निश्चय: रोज आरशासमोर दहा मिनिटं बोलायचं.

१९ जून

आरसा नको. लाँड्रीत बोलायचं. ड्रायरच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही.

३ जुलै

लंबू घरी आला होता भाषण बसवायला. तीनच मिनिटं मिळणार. त्याचं म्हणणं, सुरुवातीला तुमच्या मुलीचं सांगा. मी सांगितलं. तेव्हाही फंड थांबला होता. चार महिने गोळ्या आल्या नाहीत. पाचव्या महिन्यात ती गेली. तेव्हा नात तीन वर्षांची. आमच्याकडे साठा नव्हता.

लंबू पेन धरून बसला होता, म्हणाला, पुढे? म्हटलं पुढे काही नाही. मग तो उगाच चहाचे कप धुऊन गेला. चांगला आहे तसा. दांडीही पुसली नळाची.

२९ जुलै

पोरगी शाळेतून दोनदा लवकर आली. ताप. म्हटलं, तुझी आई अशीच होती, जरा काही झालं की पांघरूण. तिने पांघरूण बाजूला केलं. मग म्हणाली, सोमवारी ताप असतो तेव्हा ती विरघळणारी गोळी नको देऊस, दुसरी दे. म्हणजे तिला कळलंय. कळू दे. पुढे मला दुवा देईल.

निश्चय: तापाच्या दिवशी खरी द्यायची.

३० जुलै

आज ताप होता, पण नव्याण्णवच. याला ताप म्हणत नाहीत. पांढरी दिली.

८ ऑगस्ट

नातीचं रक्त घेतलं. वर्षाची तपासणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रिपोर्ट वेळेत आला तर कमिटीला दाखवू, औषध नेमाने मिळालं तर व्हायरस कसा दडपलेला राहतो ते. मी म्हटलं, जरूर दाखवा.

१७ ऑगस्ट, रविवार

डबा मोजला. चौऱ्याऐंशी. जवळजवळ तीन महिने. उद्या कमिटी. साडीला स्वतः इस्त्री केली, लाँड्रीतल्या पोरींवर भरवसा नाही.

१८ ऑगस्ट

सोमवार असून आज खरी गोळी दिली. एवढं मोठं काम, म्हटलं पोरीलाही वाटा.

भाषण गाजलं. सगळं सविस्तर लिहून ठेवते, पुढे कुणी विचारलं तर.

खोली मोठी, घोड्याच्या नालासारखं टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. अकरा मेंबर. दोघं मोबाइलमध्ये, एक झोपलेला, पण पाठ ताठ ठेवून. त्याला सवय असणार. डॉक्टरीणबाईंनी आकडे सांगितले. चांगले होते आकडे, पण आकड्यांनी कुणाची मान वर होत नाही. मग मी. कागद लंबूने मोठ्या अक्षरात लिहून दिला होता. मुलीचं वाचलं तेव्हा मोबाइलवाल्यांनी मोबाइल पालथे ठेवले. झोपलेला जागा झाला. मी मनात म्हटलं, आले सगळे मुठीत.

कागद संपला तर चष्मेवाले एक मेंबर माइकवर वाकले. फार गोड आवाज. म्हणाले, मावशी, पुढच्या वर्षी फंड आला नाही तर तुमच्या नातीचं काय होईल? डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. याचं उत्तर कागदाच्या पाठीमागे लिहिलेलं होतं, चार ओळी, रडकं. मला कुणापुढे रडायची सवय नाही. मी म्हटलं, "काही होणार नाही. मी गाफील बसणारी बाई नव्हे. माझ्याकडे तीन महिन्यांचा साठा आहे."

खोलीत जरा हशा झाला. चष्मेवाल्यांनी लिहून घेतलं. शेजारच्यानेही. अध्यक्षांनी विचारलं, साठा म्हणजे क्लिनिकातून मिळालेल्या गोळ्यांमधूनच का? म्हटलं, अर्थात, मी काय कारखाना काढलाय? आणखी हशा. मग सगळ्यांनीच लिहून घेतलं. डॉक्टरांच्या एकाही आकड्याला असं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

परतीच्या गाडीत सगळे खिडकीबाहेर बघत होते. थकले असतील. लंबू कुणाला तरी फोनवर हळूच म्हणाला, हात दाखवून अवलक्षण. चष्मेवाल्यांबद्दल असणार.

डॉक्टरीणबाईंनी दाराशी उतरवताना विचारलं, आजी, गोळ्या उरल्या कशा? बाटली तर दर महिन्याला बरोबर भरते. त्यांचा चेहरा बरा दिसत नव्हता. मी म्हटलं, पोरगी कधीमधी घेत नाही. टाकून कशाला द्यायच्या, मी ठेवते. त्यांनी किती दिवस असं विचारलं. मी म्हटलं, कधीमधी.

तेवढं म्हणावं लागलं. एवढ्या चांगल्या दिवशी बाईंना लाँड्रीचे नियम कोण समजावत बसणार.

२२ ऑगस्ट

लंबूने पेपर दाखवला. कमिटीचं म्हणणं, रुग्णांच्या घरात महिनोन्महिने पुरेल इतका साठा असल्याचं साक्षीतून दिसतं, तेव्हा इथल्या फंडाचा आणि परदेशांना द्यायच्या मदतीचा, दोन्ही प्रश्न पुढच्या अधिवेशनात घ्यावेत. पुढचं अधिवेशन सात महिन्यांनी.

लंबूला म्हटलं, माझं नाव नाही छापलं. तो म्हणाला, नाही आजी, नाव नाही छापलं. आणि बराच वेळ पेपराची घडी घालत राहिला. घडी वाकडी होती. मी घेऊन नीट घातली.

त्यांनी पुढे ढकललं यात माझा काय दोष? त्यांना ढकलायचंच होतं. मी नसते तर दुसरं काही सापडलं असतं.

२३ ऑगस्ट

असं मी काल लिहिलं ते बरोबरच आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

रिपोर्ट आला. व्हायरस वाढलाय. किती ते डॉक्टरीणबाईंनी आकड्यात सांगितलं, आकडा मोठा होता, मी विसरले. औषध अर्धवट मिळालं की व्हायरस ते ओळखायला शिकतो, मग पुरं दिलं तरी दाद देत नाही. ही गोळी आता तिच्यावर चालत नाही असं दिसतंय. म्हणजे बटणांच्या डब्यातली एकही तिच्या कामाची नाही. दुसरी गोळी आहे. ती महाग. क्लिनिकात मोजकी येते, फंड वाढला असता तर भरपूर आली असती. वेटिंग लिस्ट आहे.

मग बाईंनी नातीला विचारलं, गोळ्या का नाही घेतल्यास? रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट. लंबू फाइल घेऊन उभा. पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पोस्टरकडे. मला वाटलं ती बोलेल. बोलायला पाहिजे होती. वकिलासारखं बोलणारी पोर.

ती म्हणाली, "मला कंटाळा यायचा."

बाईंनी फाइलवर लिहिलं. लंबूने मला बाहेर नेऊन सांगितलं की स्वतःहून औषध चुकवणाऱ्यांना दुसऱ्या गोळीच्या यादीत खाली टाकतात. गोळ्या कमी आहेत, तर आधी नेमाने घेणाऱ्यांना, असा नियम. फाइल उद्या दुपारी वरच्या ऑफिसला जाईल. म्हणाला, आजी, पोरीने खरंच कंटाळा केला का? म्हटलं, तिनेच सांगितलं ना.

घरी येऊन तिने कुकर लावला, गृहपाठ केला. मी विचारलं, असं का सांगितलंस. म्हणाली, तू आधीच सांगितलं होतंस बाईंना, मग माझं कोण ऐकणार. आणि तुला क्लिनिकात बसायला आवडतं.

जेवली नाही फारशी. मी जेवले. भूक होती.

लाँड्रीत अकरा चादरी गेल्या म्हणून कुणी मरत नाही असं मी म्हणते. म्हणजे मी वॉर्डात जाऊन कधी पाहिलं नाही. बाराव्या पलंगावर काय घालतात कुणास ठाऊक.

असो.

निश्चय: उद्या लाँड्रीला सुट्टी. क्लिनिक आठला उघडतं, मी साडेसातला दारात. ही वही बरोबर न्यायची आणि पहिलं पान उघडून बाईंच्या टेबलावर ठेवायची. फाइल वर जायच्या आत त्यांनी तिच्यातला तो कंटाळा खोडला पाहिजे. त्या चिडतील, लंबू तोंड फिरवेल, बाकावरची माणसं ऐकतील. ऐकू दे. पोरीने शाळेत जायचं, क्लिनिकात यायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही. बाई जे विचारतील त्याचं उत्तर मी द्यायचं. मीच.