हेडसेटची डावी बाजू

सोम., २ फेब्रु.
मिळालं! व्हॉइस मिळालं! आठ वर्षं मेडिक्लेमच्या फाइली कॉम्प्युटरवर चढवल्या, आता तेवीस तारखेपासून थेट माणसांशी बोलायचं. मराठी हेल्पलाइन. दवाखान्यात बसलेला नातेवाईक फोन करणार आणि पलीकडे मी. आमच्या टीम लीडने, रुबीनाने, मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा मी ओट्याशी भेंडी चिरत होते. कॅमेरा बंद होता म्हणून नाचता आलं. तोवर घरूनच सराव, मग ती ठरवणार, फोनवर ठेवायचं की परत फाइलींवर. हेडसेट मात्र चांगला हवा. मोबाइलबरोबर आलेली वायर चालणार नाही, म्हणाली.
मंदारला ऑफिसात फोन केला. नवरा म्हणून दोन शब्द बरे बोलेल, तर म्हणतो, चला, तुझ्या बडबडीला पगार सुरू झाला.

बुध., ४ फेब्रु.
मंदारचे कानात खुपसायचे इअरबड्स लावून पहिला सराव. रुबीना चिडलेलं गिऱ्हाईक झाली होती. मस्त जमत होतं, तेवढ्यात डाव्या कानातला निसटून थेट ताकाच्या पेल्यात. मग त्याचाच जुना हेडफोन घेतला. तो कानावर असा बसतो की चष्म्याच्या काड्या आणि कुड्यांच्या फिरक्या एकदमच आत घुसतात. तासाभरात कानशिलं ठणकायला लागली. आईचं म्हणणं, चष्मा काढून बोल. (आई गेल्या दिवाळीपासून आमच्याकडेच असते आणि तिच्याकडे सगळ्यावर उपाय असतो.) मग स्क्रीन कोण वाचणार?

शनि., ७ फेब्रु.
घाटकोपर. जिग्नेशभाईंचं दुकान. मंदारच्या ऑफिसातले सगळे तिथूनच घेतात. घालून बघितल्याशिवाय घेणार नाही म्हटलं, तर ते हसले. "बेन, चप्पलपण आपण घालूनच बघतो ना."
दुकानातलं सगळं डोक्यावर चढवलं. एक इतका जड की मान दुखली. एक बाहेरचा आवाज बंद करणारा. बटण दाबलं आणि रस्त्यावरचे हॉर्न गायब, नुसता स्वतःचा श्वास. भीतीच वाटली. दारावरची बेल कशी ऐकू येणार, आईने हाक मारली तर? आणि मग तो एक! हलका, अख्खा कान आत जातो, चष्म्याच्या काडीला धक्का नाही, गादी कापडी म्हणून घाम नाही. माइकची दांडी वर दुमडते. लॅपटॉपला आणि मोबाइलला एकाच वेळी जोडता येतो, कॉल आला की गाणं आपोआप थांबतं. घालून बाहेर रिक्षांच्या गोंगाटात उभी राहिले आणि मंदारला फोन लावला. तो म्हणाला, घरातूनच बोलतेयस ना? झकास. घेतला.

रवि., ८ फेब्रु.
मटार सोलताना गाणी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की माझ्या आवडत्या गाण्यात मागे बासरीसुद्धा आहे. बारीक, लाजल्यासारखी. आईने तीन हाका मारल्या म्हणे, शेवटी शेंग फेकून मारली. मग रविवारचा कार्यक्रम, न्हायच्या आधी कानात कोमट तेल आणि वर कापसाचा बोळा. लहानपणापासून चालू आहे, आई इथे आल्यापासून तर एकही रविवार सुटलेला नाही.

मंगळ., १० फेब्रु.
वाट लागली. डावी बाजू बसली. रुबीना उजवीकडून खणखणीत आणि डावीकडून गोधडी पांघरून बोलतेय. कोरी वस्तू! असला संताप आला.

गुरु., १२ फेब्रु.
बदलून आणला. जिग्नेशभाईंनी स्वतःच्या कानाला लावून बघितला, म्हणाले, मला तर बराबर लागतोय. मी म्हटलं, दुकानाच्या गोंगाटात तुम्हाला काय कळणार. त्यांनी नवीन खोका काढला.

शनि., १४ फेब्रु.
ह्याचीही डावी बाजू तशीच! अख्खा मालच खराब दिसतोय.
पण आज रुबीना काय म्हणाली ते लिहून ठेवते. म्हणाली, समोरचा कितीही भडकलेला असू दे, तुझ्याशी बोलून शांत होतो, हे शिकवून येत नाही. फक्त जरा हळू बोल, ओरडतेस. ओरडते तर ओरडते. दिवसभर तरंगत होते.

रवि., १५ फेब्रु.
दुपारी सोफ्यावर आडवी झाले, गाणी लावली. हेडसेट घाईत उलटा घातला गेला, डावं उजवीकडे. म्हणजे आता आवाज उजवीकडे कमी यायला हवा.
नाही आला. डावीकडेच कमी.
काढला, अक्षर बघितलं, सुलटा घातला. परत उलटा घातला. आई विचारते, काय चाललंय तुझं? म्हटलं, काही नाही. मग आत जाऊन मंदारचा मोबाइल एकदा ह्या कानाला लावला, एकदा त्या कानाला.
हेडसेट चांगला आहे. आधीचाही चांगला होता.

सोम., १६ फेब्रु.
मंदारला सांगितलं. त्याने चेष्टा केली नाही, म्हणून मी जास्तच घाबरले.
सरावात पॉलिसी नंबर दोनदा विचारावा लागला. आयुष्यात पहिल्यांदा मनासारखं काम मिळतंय आणि कान जातोय? आत्ताच? रडू आलं, मग स्वतःचाच राग आला.

बुध., १८ फेब्रु.
कानाच्या डॉक्टरीणबाई, इथेच मुलुंडात. त्यांनी आत डोकावून पहिलाच प्रश्न केला, "तेल घालता का?" मी तोंड उघडायच्या आत आई अभिमानाने म्हणाली, "दर रविवारी."
त्यांनी पडद्यावर दाखवलं. मळ, तेल आणि मधोमध कापसाचा बोळा! कधीचा आत राहिला देव जाणे. अगदी बूच. मशीनने ओढून काढला. आई पंख्याकडे बघत बसली.
आणि मग आवाज! कबुतराचे पंख, खालच्या रिक्षाचं इंजिन, आईच्या बांगड्या, सगळं डावीकडून! मी हसतेय, डोळ्यांत पाणी, बाई म्हणतात, हलू नका.
नंतर काचेच्या खोलीत तपासणी. डावा अजून जरा कमीच भरला. आत सूज आहे, ती उतरली की परत बघू, महिन्याने कळेल. फोनचं काम करू ना, विचारलं. करा म्हणाल्या, आवाज बेताचा ठेवा आणि मधेमधे कानांना सुट्टी द्या. तेल बंद.
घरी परतताना जिन्यात आई म्हणाली, "मी चांगल्यासाठीच घालत होते गं." माहितीये म्हटलं. खरंच माहितीये.

शुक्र., २० फेब्रु.
पेढे घेऊन घाटकोपरला गेले. झालेलं सगळं ऐकून जिग्नेशभाई इतके हसले की गिऱ्हाईकं बघायला लागली. त्यांनी एका कानाचा हेडसेट दाखवला. हलकाफुलका, दुसरा कान मोकळा, आईची हाकही ऐकू येईल. उजव्या कानाला लावला की प्रश्नच मिटला. घालून बराच वेळ बसले. मग गाणं लावलं. बासरी अर्धीच लागली. माझा दोन कानांचाच राहू दे म्हटलं.
डाव्या बाजूचा आवाज वेगळा वाढवता येतो, ते मंदारने शोधून काढलं. थोडाच वाढवलाय.

रवि., २२ फेब्रु.
रुबीनाला सांगायचं की नाही? मंदार म्हणतो, महिनाभर थांब, आधी पक्की हो, कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेस. चूक नाही त्याचं. आईने तेलाची वाटी कोमट करून आणली, दारात थबकली आणि स्वतःच्याच डोक्याला चोळत बसली.
पण आठ वर्षं मी अडकलेल्या फाइलीच बघितल्यात. एक आकडा चुकतो आणि कोणाचा तरी बाप डिस्चार्ज होऊनही कॉटवरच राहतो. तो आकडा मी चुकीचा ऐकला तर?
रुबीनाला सगळं लिहून पाठवलं. हवं तर उद्या परत परीक्षा घे, नाही जमलं तर मुकाट्याने फाइलींवर जाईन. शेवटी लिहिलं, मला हे काम फार हवंय. मंदारने वाचलं आणि चहा टाकायला उठला.

सोम., २३ फेब्रु.
तिने मेसेज वाचलाय. उत्तर नाही. केस खाली बांधले, कुड्या काढून ठेवल्या, पाण्याची बाटली भरली. लॉगिन झालं. भीती वाटतेय आणि तरी मजाही वाटतेय, काय म्हणावं ह्याला.
हेल्पलाइन सुरू व्हायला अजून वेळ आहे आणि लॅपटॉपवर रुबीनाचा कॉल येतोय. रिंग दोन्ही कानांत वाजतेय. उजवीकडे मोठी. डावीकडे जरा मागे, पण आहे.
उचलते.