पाटी, शहाण्णव टक्के

३ सप्टेंबर, बुधवार

...कणीक मळत होते. पुस्तक ओट्यावर उघडं, पान मिटू नये म्हणून त्यावर लाटणं आडवं. कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या, तिसरीची वाट. हे खिडकीपाशी टॅबवर पेपर वाचत. मी विचारलं, "अहो, रिलक्टंट म्हणजे?" म्हणाले, "तू भांडी लावायला सांगतेस तेव्हा मी जसा उठतो, तसा." उठले मात्र नाहीत. तीनेक वर्षांपूर्वीची कुठलीशी सकाळ.

आज आठवली, कारण ग्रंथालयातून रिकाम्या हाताने आले. पुस्तकमंडळाचं नवं पुस्तक मोठ्या अक्षरात छापलेलंच नाही. साध्या छपाईच्या दहा ओळी वाचल्या की माझ्या डोळ्यांना धार लागते. डोरीन मंडळ चालवते, माझ्याच वयाची. म्हणाली, यंत्रावर वाच, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. मग चष्म्यावरून बघत, "सहा महिने तू नुसती ऐकतेस. या वेळी मला तुझं ऐकायचंय."

मंडळ ७ ऑक्टोबरला, मंगळवारी, अकरा वाजता.

चालत घरी येताना ठरवलं. पूर्ण वाचायचं, कुणाला काही न विचारता. आणि बोलायचं. दहावीनंतर मला कुणी शिकवलं नाही, जे आलं ते वाचून आलं. इंग्रजी तर इथे इंग्लंडला, श्रूजबरीत, मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांवर. आता डोळ्यांसाठी थांबायचं?

५ सप्टेंबर, शुक्रवार

जेवताना विषय काढला. समीरने (यापुढे स.) पोळी हातात तशीच धरून भाषण दिलं. "आई, टॅबच घे. एकात सगळं. व्हिडिओ कॉल, रेसिपी, बुक्स. ई-रीडरवर फक्त वाचता येतं."

"मग मला काय त्याच्यावर पोळ्या लाटायच्यात?"

सून पल्लवी (प.) इतकी हसली की तिला ठसका लागला.

स. म्हणाला, "आणि बाबांचा टॅब आहेच की. नुसता पडून आहे." पडून नाही. हे गेल्यापासून रोज पुसते मी.

जेवणानंतर तोच काढून बसले. पुस्तक उघडलं. पंधरा मिनिटांत डोळे चुरचुरले. तेवढ्यात वरून कुणाकुणाच्या निरोपांच्या पट्ट्या सरकायला लागल्या. ह्यांच्या जुन्या ऑफिसचा ग्रुप अजून सुरू आहे, रोज सकाळी सुविचार येतो. बंद केला. ह्यांना हे चालायचं. चार गोष्टी एकदम करायचे आणि चारही अर्ध्या सोडायचे.

६ सप्टेंबर, शनिवार

दुकानात गेलो. घरातलं प्रत्येक यंत्र ह्यांनी निवडलं. मिक्सर घ्यायचा तर तीन महिने तक्ते करायचे. मी नुसती पिशवी धरायची. आज मी पुढे, स. मागे!

माझी परीक्षा सोपी. प्रत्येक यंत्र उचललं आणि दुकानाच्या काचेपाशी उन्हात नेलं. विक्रेती मागे मागे. स. कानाशी, "आई, प्लीज, लोक बघतायत." बघू देत. टॅबमध्ये माझंच तोंड दिसलं, अक्षर नाही. ई-रीडरवर अक्षर आणखी ठळक झालं. चमक नाही, रंग नाही, कागदासारखं करडं. हातात घेतलं तर शाळेतल्या पाटीएवढं.

घेतलं. स.ची अट अशी की महिनाभर वापरायचं, नाही जमलं तर ६ ऑक्टोबरपर्यंत परत करून टॅब घ्यायचा. म्हटलं बरं.

नाव पाटीच ठेवलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

ग्रंथालयाचं पुस्तक घरबसल्या पाटीवर आलं. मुदत संपली की आपोआप परतही जातं म्हणे!

अक्षर वाढवलं, आणखी वाढवलं. एका पानावर चाळीसेक शब्द. सकाळी सव्वा तास वाचलं, डोळ्यांतून टिपूस नाही. चहा निवून गेला, तो तसाच प्यायले.

शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी चक्क "अगं बाई" म्हणाले. अर्थ बरोबर असतो. उदाहरण देत नाही.

तक्रारीही लिहून ठेवते. पान उलटताना क्षणभर काळं होतं. पाटी मंद आहे, बोट ठेवल्यावर विचार करते. उरलेल्या पानांची जाडी हाताला लागत नाही, नुसते टक्के. आणि स.ने कुठूनशी आणलेली एक मराठी फाइल टाकून पाहिली, त्यात सगळी जोडाक्षरं मोडून पडलेली. ती काढून टाकली.

तरी खूश आहे. फार.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

३४ टक्के. समुद्रकाठच्या गावातली एक बाई. नवरा गेल्यावर त्याची मासेमारीची बोट विकायला काढते. गिऱ्हाईक आलं की काहीतरी खोट काढून त्याला परत पाठवते. तिची बहीण म्हणते, तुला विकायचीच नाहीये. ती म्हणते, विकायची आहे, पण ह्याला नाही.

इथे थांबून दोनदा वाचलं.

प. ऑफिसातून आली, शेजारी बसून दोन पानं वाचली. म्हणाली, "आई, लग्नानंतर मी एक पुस्तक पूर्ण केलं नाहीये, माहितीये?" म्हटलं, "माझं झालं की पाटी घे." म्हणाली, "नाही हो, तुमची तुम्हाला." मग आणखी दोन पानं वाचली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

काय करून बसले मी!

यंत्रांची पूजा दरवर्षी हेच करायचे. गेल्या दोन वर्षांत कुणी केली नव्हती. आज सकाळी पाट मांडला. दोन लॅपटॉप, मिक्सर, गाडीच्या किल्ल्या, ह्यांचा टॅब, पाटी. हळदकुंकू पाण्यात कालवलं, सगळ्यांना बोटं ओढली, अक्षता, शेवंतीचं एकेक फूल. पाटी भिंतीला टेकवून उभी केली होती. उभी केली ती उलटी, चार्जिंगचं भोक वर.

संध्याकाळी वायर जाईना. भोकात कुंकू वाळून घट्ट, आत अक्षतेचा एक दाणा.

स. "आई! सोमवारपर्यंत रिटर्न करता आलं असतं हे!"

"परत करायचंय असं मी कधी म्हटलं?"

"अगं पण चालायला तर हवं!"

प. म्हणाली, "फोन भिजला की तांदळात ठेवतात ना, तसं करू या?" स. म्हणाला, "तांदूळच अडकलाय त्यात." दोघं हसायला लागले. मग मीही.

सुई घालू देत नाही तो. आतल्या पिना मोडतील म्हणतो. त्याच्या ऑफिसातला एक जण असली कामं करतो, पण तो सुट्टीवर, पुढच्या आठवड्यात येणार.

बॅटरी २१ टक्के. पुस्तक ७२ टक्के. मंगळवारपर्यंत मधले चारच दिवस.

४ ऑक्टोबर, शनिवार

पाटीच्या आतला दिवा बंद केला. वाय-फाय बंद. खुर्ची खिडकीपाशी, ह्यांच्याच जागी. उन्हात दिवा लागतच नाही! दोन तास वाचलं, बॅटरीचे जेमतेम तीन टक्के गेले. शब्दांचे अर्थही बघत नाही, अंदाजाने पुढे जाते. अंदाज बरेच बरोबर निघतात.

स.ला बोलावून दाखवलं. "तुझा टॅब असता तर दुपारीच मान टाकली असती."

बराच वेळ पाटी उलटसुलट करून पाहिली त्याने. म्हणाला, "चॉइस बरोबर होता तुझा." ह्यांच्या मिक्सरलासुद्धा तो असं कधी म्हणाला नव्हता.

पुस्तक ८५.

५ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर पाऊस, ऊन नाही. दिवा लावावा लागला. बॅटरी ११ वरून ४. पुस्तक ९१. उद्या सकाळी ऊन पाहिजे.

६ ऑक्टोबर, सोमवार

ऊन होतं. सकाळची कामं टाकून बसले. ती बाई एका तरुण मुलीला बोट दाखवायला घेऊन जाते. कुठलीच खोट काढत नाही. दोघी बंदराबाहेर जातात. सुकाणू मुलीच्या हातात, आणि बाई म्हणते...

पाटी विझली. पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र. ९६ टक्के.

ओरडले असते, पण घरात कुणी नव्हतं.

संध्याकाळी स. म्हणाला, अजून दुकान उघडं आहे, पुसून नेऊन बघू का? म्हटलं, हळदकुंकू लावलेलं परत देत नाहीत. मग त्याने स्वतःच्या फोनवर तेच पुस्तक उघडलं. "चारच टक्के राहिलेत, मोठ्याने वाचून दाखवतो." त्याला गप्प केलं. फोन हातात दिला, तर माझ्यापुरतं अक्षर मोठं केल्यावर एका ओळीत दोन शब्द. तेवढेही वाचता आले असते. पालथा ठेवला.

"अगं, उद्या बोलायचंय ना तुला? शेवट नको का माहीत?"

"हवाय. पण मी वाचणार आहे तो. तिने बोट दिली की नाही, ते मला एवढ्यात नाही कळलं तरी चालेल."

मग मी पाटी कापडात गुंडाळून त्याच्या ऑफिसच्या बॅगेत ठेवली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अकराला गेले. पहिली मीच बोलले. म्हटलं, शेवट कुणी सांगू नका, माझा वाचायचा आहे. आणि बाकीच्या शहाण्णव टक्क्यांवर वीस मिनिटं बोलले.