आंब्याच्या वासाचं औषध

बाबा, आश्रमशाळेतून मंगलीचा जोहार.

वसतिगृहातल्या माह्या तेवीस पोरींले फ्लू झाला. डॉक्टर येऊन गेले, काळजी करू नका. मी नुसती थकली आहो.

औषधाले आंब्याचा वास. पोरींनी तोंडंच मिटली.

"बाई, आंब्याचा पंडुम सण नाई झाला अजून. देवाले दिल्याबिगर नवा आंबा कसा खाऊ?"

मी आधी चिडली, मंग मलेच लाज वाटली. हे तर तुम्हीच मले शिकवलेलं.

मोहाच्या झाडाखाली पयला चमचा देवाले वाहिला, एकेकीचं नाव घेऊन मागणं केलं. मंग साऱ्या प्यायल्या. आज अठरा जणी जेवल्या.

आईचा गुडघा कसा आहे?

कालपासून माहंही अंग तापून राह्यलं. तेवीस नावं घेतली, माहंच राहून गेलं. तेवढं तुम्ही तिकडून घ्या.

तुमची थोरली,
मंगली